फोटोत आलेला गोळा मला खोलीत का दिसला नाही?

सांजवेळ

नमस्कार. इतकी वर्षं वाचनमात्र होते, हा माझा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

आजोबांना जाऊन दोन महिने झाले. गेल्या रविवारी त्यांची खोली आवरायला घेतली. मी, आई आणि आत्या. कपाट रिकामं केलं, रजया झटकल्या, पुस्तकं खाली काढली. कपाटातच बाबांचा जुना डिजिटल कॅमेरा सापडला. मुठीत मावेल एवढा, चांदीच्या रंगाचा. पेन्सिल सेल घातले तर चक्क सुरू झाला, मग मी खोलीचे फोटो काढत सुटले. अंधारून आलं होतं, फ्लॅश आपोआप पडत होता.

रात्री लॅपटॉपवर बघितलं तर एका फोटोत आजोबांच्या आरामखुर्चीच्या पाठीवर, बरोबर जिथे त्यांचं डोकं टेकायचं तिथे, एक गोळा. टेनिसच्या चेंडूएवढा. पांढरट निळसर, कडा जरा जास्त उजळ, आत पुसट जाळी. खुर्ची त्यातून आरपार दिसते. आत्याने बघितला आणि तिला रडूच फुटलं. "ते येऊन बसले होते," म्हणाली.

माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. पण फोटो काढताना मी त्याच खुर्चीकडे बघत होते, आई शेजारी उभी होती, दोघींना काहीही दिसलं नाही. हे आत्याला सांगितलं तर ती म्हणते, "माणसाच्या डोळ्याला सगळं थोडंच दिसतं? कॅमेऱ्याला दिसलं." यावर मला उत्तर सुचलं नाही. खरंच, कॅमेऱ्याला दिसलं ते मला का दिसू नये?

एक विनंती. आत्याची थट्टा नको. बाकी काय वाटेल ते लिहा.

शेवटचा_बाक

वाचतोय. खुर्ची मिळवून बसलो आहे. (त्या खुर्चीवर नाही.)

जुनाकॅमेरा

सांजवेळ, तुमच्या वर्णनावरूनच सांगतो, हा धुळीचा कण आहे. "रजया झटकल्या" हे वाक्य वाचलं तिथेच निम्मा उलगडा झाला.

त्या मुठीतल्या कॅमेऱ्यात फ्लॅश भिंगापासून जेमतेम तीन-चार सेंटिमीटरवर असतो. भिंगासमोर पाच सेंटिमीटरवर एक कण तरंगत असेल आणि मागची भिंत तीन मीटरवर असेल, तर अंतरात साठ पटींचा फरक. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात मंदावतो, म्हणजे भिंतीपेक्षा त्या कणावर ३६०० पट तेज पडतं. एवढा उजळलेला कण कॅमेरा टिपणारच. पण भिंगाची जुळणी (फोकस) खुर्चीवर, कण नाकासमोर. त्यामुळे कण टिंबासारखा न उमटता थाळीसारखा पसरतो. ती थाळी म्हणजे तुमचा गोळा.

आता गंमत. गोळ्याचा आकार कण केवढा होता यावर ठरत नाही. भिंगाचं छिद्र केवढं आणि कण किती जवळ, यावर ठरतो. छोट्या कॅमेऱ्यात छिद्र दोनेक मिलिमीटरचं. दोन मिलिमीटर भागिले पाच सेंटिमीटर, म्हणजे साधारण सव्वादोन अंशांचा गोळा. फोटोची रुंदी पन्नास-साठ अंश धरली तर रुंदीच्या पंचविसाव्या भागाएवढा. पट्टी लावून बघा, जवळपास तेवढाच भरेल.

आमच्या वेळच्या फिल्मच्या मोठ्या कॅमेऱ्यात हेच का दिसायचं नाही? ५० मिलिमीटरचं भिंग, छिद्र बारा मिलिमीटरच्या आसपास. तोच कण तिथे फोटोच्या एक तृतीयांश रुंदीचा होतो, पण बाकी दृश्याच्या तुलनेत ३६ पट फिका. म्हणजे दिसतच नाही. शिवाय मोठा फ्लॅश वर, भिंगापासून लांब. त्यामुळे नव्वदच्या दशकाच्या अखेरीला खिशातले डिजिटल कॅमेरे घरोघर गेले आणि त्यांच्यामागोमाग हे गोळे आले. इतकी वर्षं आत्मे फिल्मवर रुसून बसले असतील असं वाटत नाही.

(आत्याची थट्टा नाही ही. आत्म्यांची आहे.)

पाणबुडी

जुनाकॅमेरा यांना अनुमोदन. पाण्याखाली फोटो काढणाऱ्यांना हा रोजचा ताप आहे. पाण्यात गाळ, प्लँक्टन, काय वाट्टेल ते तरंगत असतं. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उडवला की फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. आम्ही त्याला बॅकस्कॅटर म्हणतो, म्हणजे उलट फिरून भिंगात शिरलेला प्रकाश. उपाय म्हणून फ्लॅश लांब दांड्यांवर डावी-उजवीकडे बसवतो आणि थोडे बाहेर वळवतो. भिंगासमोरचं पाणी अंधारात राहतं, मासा उजळतो. मी शिकत होते तेव्हा एका कासवाचे तब्बल साठ फोटो असे वाया घालवले. कासव बिचारं कंटाळून निघून गेलं.

अनाहत

जुनाकॅमेरा, तुमचं गणित मान्य. पण सगळेच गोळे धूळ, हा निष्कर्ष घाईचा वाटतो. माणसाला दिसतो तो प्रकाश साधारण ३८० ते ७५० नॅनोमीटर एवढ्याच पट्ट्यातला. विद्युतचुंबकीय वर्णपटाचा किती चिमुकला तुकडा! डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर अवरक्त (इन्फ्रारेड) किरणही टिपतो. टीव्हीचा रिमोट मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, टोकाचा दिवा लुकलुकताना दिसेल. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. मग सांजवेळ यांच्या आत्या म्हणतात त्यात चुकीचं काय?

दिसत नाही म्हणून नाही, असं म्हणणारे लोक १८०० सालाआधीही होते. विल्यम हर्शेलने लोलकातून उन्हाचे रंग पाडले, तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे थर्मामीटर ठेवला आणि पारा चढला. पुढच्याच वर्षी योहान रिटरला जांभळ्याच्या पलीकडचे किरण सापडले, चांदीचं क्षार तिथे सर्वांत लवकर काळं पडलं म्हणून.

टोपणनाव_सुचेना

रिमोटचा प्रयोग केला. मागच्या कॅमेऱ्यात काही नाही, पुढच्या सेल्फीवाल्यात जांभळट दिवा दिसला. आता घरातले माझ्याकडे बघतायत.

जुनाकॅमेरा

अनाहतजी, मुद्दा रास्त आहे. सिलिकॉनचा सेन्सर ११०० नॅनोमीटरच्या आसपासपर्यंत टिपू शकतो. पण तसाच वापरला तर रंगांचा विचका होतो. काही काळे कपडे जांभळट, झाडं भलत्याच रंगाची. त्यामुळे कंपन्या सेन्सरपुढे अवरक्त अडवणारी काच बसवतात. म्हणजे मुळात जास्त बघू शकणाऱ्या यंत्राला मुद्दाम झापडं लावून आपल्या डोळ्याइतकंच बघायला शिकवलेलं असतं. टोपणनाव_सुचेना यांच्या मागच्या कॅमेऱ्याची झापडं पक्की आहेत, पुढच्याची ढिली, एवढाच फरक.

रात्रीचे सुरक्षा कॅमेरे वेगळे. अंधार पडला की आत 'टक्' असा बारीक आवाज येतो. ती काच बाजूला सरकल्याचा. मग भोवतीचे ८५० किंवा ९४० नॅनोमीटरचे अवरक्त दिवे लागतात. ८५० वाले अंधारात टक लावून पाहिलं तर मंद तांबडे दिसतात, ९४० वाले अजिबात नाहीत. हे दिवे भिंगाला अगदी खेटून, कोळ्याला तिथेच जाळं विणायचं असतं आणि पतंगही घिरट्या घालतात. तिथले 'गोळे' तर चालतात, वळतात, थबकतात. एका ओळखीच्यांनी तसला व्हिडिओ मला रात्री दोन वाजता पाठवला होता. सकाळी जाऊन फडक्याने भिंग पुसलं. भूत फडक्याला चिकटून आलं, आठ पायांचं.

अंधारयात्री

हौशी आकाशनिरीक्षक आहे, त्यामुळे अंधारात बघणे हा माझा छंदच. सगळे कॅमेऱ्यावर बोलताहेत, मी डोळ्यावर बोलतो.

डोळा काही कच्चा गडी नाही. १९४२ साली हेक्ट, श्लेअर आणि पिरेन यांनी माणसांना अंधारात बसवून मंदातला मंद झोत दाखवला. डोळ्याच्या पडद्यावरच्या (रेटिनावरच्या) पेशींनी मोजके पाच ते चौदा फोटॉन (प्रकाशाचे कण) शोषले तरी माणूस "दिसलं" म्हणत होता. २०१६ च्या एका प्रयोगात तर एकेकटा फोटॉनही लोकांना निव्वळ अंदाजापेक्षा थोडा जास्त वेळा ओळखता आला. खोलीत स्वतःच्या तेजाने उजळलेला, टेनिसच्या चेंडूएवढा गोळा असता तर तो तुमच्या नजरेतून सुटला नसता.

डोळा कमी पडतो तो वेळेच्या बाबतीत. फ्लॅशचा झोत हजारांश सेकंद किंवा त्याहून कमी टिकतो. डोळा मंद उजेडात साधारण दशांश सेकंदाचा प्रकाश एकत्र करून त्याचं एक चित्र बनवतो. फ्लॅश पडल्यावर "लख्ख झालं" एवढंच कळतं, त्या क्षणात काय काय उजळलं ते सुटं करता येत नाही. वर डोळे दिपलेले.

आणि मुळात कण तुमच्या डोळ्यासमोर नव्हताच. कॅमेऱ्यासमोर होता. तुम्ही कॅमेरा हातभर लांब धरून छोट्या पडद्यात बघत असणार. तुमच्या जागेवरून तो कण म्हणजे एक बारीकसं टिंब, हजारांश सेकंदापुरतं.

बाकी धूळ बघायचीच असेल तर त्याला कॅमेरा कशाला? दुपारी खिडक्या लावून घ्या, एका फटीतून कवडसा येऊ द्या. त्या तिरप्या पट्ट्यात कण कसे हेलकावे खात वर चढतात, एखादा उष्ण झोत लागला की गर्रकन फिरतात. कवडशाच्या बाहेर पडला की कण नाहीसा. तो गेलेला नसतो, तिथेच असतो. उजेडातून बाहेर पडलेला असतो.

सांजवेळ

अंधारयात्री, हो, कॅमेरा लांब धरूनच काढत होते. आणि कवडसा! आजोबांच्या खोलीत पश्चिमेच्या खिडकीतून यायचा. लहानपणी मी त्यात हात घालून धूळ पकडायचे. हे डोक्यातच आलं नाही.

नेत्रपल्लवी

मी डोळे तपासण्याचं काम करते. चष्मा असलेल्यांसाठी एक घरचा प्रयोग.

रात्री लांबच्या दिव्याकडे बघा आणि चष्मा काढा. मायनस नंबर असेल तर दिव्याच्या जागी एक गोल थाळी दिसेल. हाच तो फोटोतला गोळा. तत्त्व तेच, बिंदूची प्रतिमा जागेवर जुळली नाही की तिची थाळी होते. थाळी गोल का, तर बाहुली गोल म्हणून. आता तिच्या आत नीट बघा. बारीक ठिपके, रेघा, कधी चांदणीसारखे आरे. ते दिव्यात नाहीत, तुमच्याच डोळ्यात आहेत. भिंगाचे धागे, अश्रूंचा थर. पापणी मिटून उघडली की त्यातले काही ओघळताना दिसतात. सांजवेळ, तुमच्या गोळ्यातली जाळीही अशीच, त्या कणाची आणि भिंगाची मिळून झालेली.

दुसरं, स्वच्छ निळ्या आकाशाकडे (सूर्याकडे नाही!) एकटक बघा. बारीक पांढरे ठिपके झटकन पळताना दिसतील, नागमोडी, नाडीच्या ठोक्याबरोबर जोर धरत. पडद्यावरच्या केशवाहिन्यांतून जाणाऱ्या या तुमच्याच पांढऱ्या पेशी. तांबड्या पेशी निळा प्रकाश शोषतात, पांढऱ्या त्याला वाट देतात, म्हणून त्या चमकतात. कॅमेऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

टोपणनाव_सुचेना

निळ्या आकाशातले ठिपके मला शाळेपासून दिसतात!! आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

अनाहत

नेत्रपल्लवी, सुंदर प्रतिसाद. पण यातून माझाच मुद्दा पुढे जातो ना? डोळ्याची मर्यादा सगळ्यांची सारखी नसते. काहींना जास्त दिसत असेल.

नेत्रपल्लवी

हो, दिसतं. आणि त्याची नोंदही आहे. आपल्या पडद्याला अतिनील किरणांची थोडी जाण आहे, पण पुढचं भिंग ते अडवतं. क्लोद मोने या चित्रकाराच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन १९२३ साली झालं. तेव्हा नुसतं भिंग काढून टाकत, आतासारखं कृत्रिम भिंग बसवत नसत. त्यानंतर त्याला त्या डोळ्याने सगळं निळसर दिसू लागल्याची तक्रार होती. भिंग गेलेल्या माणसांना अतिनीलच्या काठावरचा प्रकाश निळसर-पांढुरका दिसू शकतो.

दुसऱ्या टोकाचंही सांगते. २०१४ साली प्रयोगात अवरक्त लेसरचे अगदी क्षणमात्र टिकणारे झोत डोळ्यात सोडले तेव्हा १००० नॅनोमीटरचा झोत लोकांना हिरवट दिसला. दोन फोटॉन एकाच रेणूवर एकदम आदळले, दोघांची ऊर्जा मिळून ५०० नॅनोमीटरच्या एका फोटॉनइतकी झाली.

तेव्हा मर्यादेची रेघ थोडी पुसट आहे, हे कबूल. पण रेघेपलीकडचं जे सापडलं ते दरवेळी दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या ठिकाणी पुन्हा करून बघितलं. पारा दरवेळी चढतो.

अंधारयात्री

अनाहतजींसाठी आणखी एक, कारण त्यांची बाजू मला पूर्ण मोडीत काढायची नाही. प्रकाशगोळे निसर्गात असतात. गोलाकार वीज ही शेकडो वर्षं सांगोवांगीची गोष्ट होती. २०१२ साली चीनमधले संशोधक साध्या विजेचा अभ्यास करत असताना अचानक एक गोळा त्यांच्या उपकरणांसमोर आला आणि त्याचा वर्णपट हाती लागला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सिलिकॉन, लोह, कॅल्शियमच्या रेषा होत्या. म्हणजे जमिनीतली माती. बघा, तिथेही शेवटी मातीच निघाली.

पण तो गोळा लांबून नुसत्या डोळ्यांनी दिसण्यासारखा होता. जो फक्त फोटोत येतो आणि तिथे उभ्या असलेल्या कुणालाच दिसत नाही, त्याची जात वेगळी.

मी_साशंक

एक साधा प्रश्न, अजून कुणीच कसा विचारला नाही? सांजवेळ, एकूण फोटो किती काढले आणि बाकीच्या फोटोंत काय आहे?

शेवटचा_बाक

आता आला मुद्द्याचा माणूस.

पैलतीर

थोडं विषयांतर, पण लिहावंसं वाटतं.

माझ्या आजीची नजर गेल्या तीन वर्षांत खूप कमी झाली. पडद्याचा मधला भाग खराब झाला आहे. मागच्या वर्षी ती एकदा सहज म्हणाली, "ती मुलं अजून पायरीवर बसलीत का?" पायरीवर कुणी नव्हतं. मग कळलं की कित्येक महिने तिला टोप्या घातलेली छोटी मुलं, भिंतीवर वेलबुट्टी, असं काहीबाही दिसत होतं आणि तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्याला वेड लागलंय असं घरच्यांना वाटेल, म्हणून. घरात दोन तट पडले. एकाचं म्हणणं बाहेरची बाधा, दुसऱ्याचं म्हणणं विसरभोळेपणाची सुरुवात. आजी मधल्या मध्ये गप्प.

नेत्रपल्लवी

पैलतीर, हे विषयांतर नाही. याला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात. बॉने हा स्विस निसर्गअभ्यासक. त्याच्या आजोबांना मोतीबिंदूमुळे फारसं दिसत नसे, पण माणसं, पक्षी, इमारती दिसायच्या, आणि हे खरं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं. १७६० साली बॉनेने ते लिहून ठेवलं. डोळ्याकडून येणारी माहिती आटली की मेंदूचा दृष्टीचा भाग रिकामा बसत नाही, स्वतःच चित्रं काढत राहतो. बुद्धी शाबूत असते. आवाज येत नाहीत, नुसती चित्रं. एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना आणि जमलं तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, दुसरं काही कारण नाही ना याची खात्री होईल. आणि आजींना सांगा की हे अनेकांना होतं. पुष्कळांना तेवढं ऐकूनच हायसं वाटतं. चित्र फार त्रास देऊ लागलं तर नजर भरभर डावी-उजवीकडे फिरवायला किंवा दिवा लावायला सांगा, काही वेळा जातं.

याच निमित्ताने सर्वांसाठी. डोळ्यासमोर एखादा केसासारखा धागा किंवा माशी तरंगणं बहुधा साधं असतं. पण अचानक काळ्या ठिपक्यांचा पाऊस, कडेला विजेसारखे चमकारे, किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली, यातलं काहीही झालं तर धागे वाचत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पडदा सुटत असेल तर प्रत्येक तास मोलाचा असतो.

पैलतीर

आत्ता आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे त्या बॉनेच्या आजोबांनाही टोप्या दिसायच्या का विचार." विचारते.

नेत्रपल्लवी

टोप्यांचं माहीत नाही, पण आजींना माझा नमस्कार सांगा.

अनाहत

पैलतीर, तुमच्या आजींची गोष्ट वाचून थांबलो जरा. बाधा म्हणणाऱ्या तटात मी असतो, हे प्रामाणिकपणे सांगतो.

तरी एक शंका. फोटोत मृत व्यक्ती आल्याच्या गोष्टी डिजिटल कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीच्या आहेत. त्या सगळ्या धुळीने कशा समजावणार?

जुनाकॅमेरा

धुळीने नाही, लबाडीने. १८६० च्या दशकात अमेरिकेत विल्यम मम्लर नावाचा छायाचित्रकार होता. माणसाचा फोटो काढायचा आणि त्यात मागे गेलेल्या नातेवाइकाची धूसर आकृती उमटवून द्यायचा. यादवी युद्धाचा काळ, घराघरात माणूस गेलेला. धंदा जोरात चालला. पुढे काही 'भुतं' शहरात हिंडताफिरताना लोकांनी ओळखली. १८६९ मध्ये न्यूयॉर्कला फसवणुकीचा खटला उभा राहिला, सर्कसवाला पी. टी. बार्नम त्याच्याविरुद्ध साक्षीला आला, पण युक्ती नेमकी कशी ते सिद्ध होईना आणि मम्लर सुटला.

मला त्या गोष्टीत मम्लरपेक्षा त्याची गिऱ्हाइकं जास्त लक्षात राहतात. धूसर आकृती, चेहरा धड ओळखू येत नाही, आणि समोरची बाई म्हणते, हाच माझा मुलगा. तिला मूर्ख म्हणायची माझी हिंमत नाही.

सांजवेळ

दोन दिवस गायब होते, कारण मी_साशंक यांचा प्रश्न. बाकीचे फोटो मी बघितलेच नव्हते! आत्या रडायला लागली आणि आम्ही तिथेच लॅपटॉप मिटला.

एकूण ४० फोटो आहेत. क्रमाने लावले. पहिले १४ रजया झटकायच्या आधीचे, एकातही गोळा नाही. पंधरावा फोटो आईने रजई झटकली त्याच्या नंतरचा. त्यात नऊ गोळे. पुढच्यात सहा. एक आईच्या कोपरावर, दोन छताला, एक चक्क केराच्या टोपलीवर. मग हळूहळू कमी होत जातात. खुर्चीचा फोटो विसावा, त्यात तो एकच. तिसाव्यानंतर एकही नाही.

म्हणजे आम्ही केराच्या टोपलीवरचा गोळा बघून काहीच म्हटलं नसतं.

मग प्रयोगही केला. रात्री खोलीत दिवा बंद करून उशी बडवली आणि फ्लॅश उडवला. मोजता येणार नाहीत इतके गोळे. लगेच फ्लॅश बंद करून, टॉर्च बाजूला भिंतीजवळ ठेवून, कॅमेरा स्टुलावर टेकवून त्याच धुळीचा फोटो काढला. एकही नाही. पाणबुडी, तुमचे लांब दांडे आठवले.

पाणबुडी

शाब्बास! दोन फोन शेजारी शेजारी धरूनही बघा. खुर्ची दोन्हीत जवळपास सारखी येते, पण भिंगासमोरचा कण एकात असतो आणि दुसऱ्यात नसतो, किंवा भलतीकडेच सरकतो. लांबची वस्तू असं करत नाही.

मी_साशंक

फोटो क्रमाने लावणं हे सगळ्यात भारी. टोपी काढली.

शेवटचा_बाक

पैलतीर यांच्या आजींना सांगा, इथेही टोपी निघाली.

अनाहत

सांजवेळ, चाळीस फोटोंपुढे मी निरुत्तर. बाकी जगातल्या प्रत्येक गोळ्याबद्दल नाही, पण या खुर्चीवरच्या गोळ्याबद्दल नक्की. आत्यांना सांगितलंत का? तो प्रसंग कठीण असणार.

सांजवेळ

काल सांगितलं. शेजारी बसवून चाळीसच्या चाळीस फोटो दाखवले, एकेक करून. मी भाषणाची तयारी करून गेले होते, हर्शेलपासून. गरजच पडली नाही. पंधराव्या फोटोलाच ती म्हणाली, "अगं, ही तर धूळ."

मग विसावा फोटो आला. बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "ती तपकिरी रजई झटकली होती ना? बाबा तीच पांघरायचे." मी हो म्हटलं. घरातल्या धुळीत कापडाचे तंतू असतात, त्वचेचे कण असतात, हे मी या दोन दिवसांत वाचलं होतं, पण तिला सांगितलं नाही. तिला ते सांगायची गरज होती असं वाटलं नाही.

चाळीसही फोटो तिने मागून घेतले. मोठा करून फ्रेमला मात्र तोच दिला आहे.

जुनाकॅमेरा

फ्रेमवाल्याला सांगा, काच आतून नीट पुसून बसव.

टोपणनाव_सुचेना

कॉन्टॅक्ट लेन्स काढून दिव्याकडे बघितलं तर नेत्रपल्लवींचा प्रयोग जमेल का? की चष्माच हवा?

नेत्रपल्लवी

जमेल. हात धुवून काढा.